चारू टिपणीस आणि श्वासाची वेळ

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरमध्ये मराठी बाळाला जगात यायला दोघांची मंजुरी लागायची. एक डॉक्टरची, दुसरी चारुदत्त टिपणीसची. चारू एका प्रयोगशाळेत इंजिनियर होता, पण ते पोटासाठी. त्याचा जीव पत्रिकांत. तळघरात पंचांगं, कोष्टकं आणि सेकंदासेकंदाला टिकटिकणारा शॉर्टवेव्ह रेडिओ मांडून तो बसायचा. त्या रेडिओवर रोज सकाळी मनगटी घड्याळ लावायचा. उन्हाळ्यात सरकार घड्याळं तासभर पुढे करतं, हा त्याला स्वतःचा अपमान वाटायचा. "सरकारनं सांगितलं म्हणून चंद्र पळत नाही," म्हणायचा.

नव्या बापाला तो मुलगा की मुलगी हे विचारायचाच नाही. थेट वेळ विचारायचा. बाप "साडेचारच्या सुमाराला" म्हणाला की त्याची धडगत नसे.

"सुमाराला मीठ घालतात. डोकं दिसलं तेव्हा, नाळ कापली तेव्हा, की पहिला श्वास घेतला तेव्हा?"

तिन्ही पक्षांचा अभ्यास करून त्यानं निकाल दिला होता: पहिला श्वास. त्याआधी माणूस नाही, माणसाची तयारी.

त्र्याऐंशी साली आमच्या शेजारच्या कांचनचा अमित जन्मला तो श्वास न घेताच. अकरा मिनिटं नर्सनं रबरी पिशवी दाबून हवा भरली, मग पोरगं रडलं. बारशाला चारूनं त्या अकरा मिनिटांनंतरची वेळ धरून पत्रिका आणली.

"तो नऊला झालाय," कांचन म्हणाली. "मी होते तिथे."

"ती हवा नर्सची. अमित नऊ अकराला सुरू झाला."

"मग अकरा मिनिटं मी कुणाकडे बघत होते, चारू?"

"वाट बघत होतीस," चारू म्हणाला. आम्ही सगळे हसलो. मी तर जरा जास्तच. चारूची बायको सुलभावहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. "अहो, बाळंतिणीशी असं बोलतात?" म्हणाल्या आणि कांचनच्या पानात आणखी शिरा वाढून आल्या.

शहाऐंशीच्या नोव्हेंबरातल्या शनिवारी सकाळी दूरच्या प्लेनो गावाहून कुणीतरी फोनवर बाळाची वेळ कळवली होती. चारू तळघरात गणित मांडत होता. वरून वहिनींची हाक आली, "अहो, चहा गाळलाय, वर या."

"आलो, दोन मिनिटं."

तो चाळीस मिनिटांनी वर गेला. टेबलावर दोन कप होते, दोन्हींवर साय धरलेली. वहिनी जमिनीवर पडल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं की मेंदू संपला आहे, श्वास देणारं यंत्र काढायचं का ते ठरवावं लागेल. त्याआधी एक शेवटची तपासणी करू. मुलगी मृणालिनी मेडिकल कॉलेजातून आली होती.

"बाबा, शी इज गॉन."

"छाती हलतेय, मृणाल. श्वास चालू आहे. म्हणजे ती आहे." मग माझ्याकडे वळून, "तू सांग हिला."

मला आयुष्यात कधी विनोदाची ददात पडली नव्हती. मी फरशी बघत राहिलो.

"बाबा, ती हवा मशीनची आहे."

मृणालिनी बारशाला नव्हती. तिला त्या पत्रिकेचं काही ठाऊक नव्हतं. चारू मात्र खुर्चीत बसला. म्हणाला, "करा तुमची तपासणी. मी थांबतो."

यंत्राची नळी काढून दहा मिनिटं बघायचं होतं, आपण होऊन श्वास घेते का. चारूनं सवयीनं मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं. सहाव्या मिनिटाला वाकून म्हणाला, "सुलभा, एकच घे. नियम बदलतो मी."

दहा मिनिटं झाली. डॉक्टरांनी भिंतीवरचं घड्याळ बघून अकरा सव्वीस लिहिलं.

"ही वेळ चुकीची आहे," चारू म्हणाला.

डॉक्टरांनी सौम्यपणे विचारलं, मग कोणती लिहू?

दिवसांचं बघायला भटजींनी तिथी विचारली. गावभरच्या आजोबांच्या तिथी चारूनं तोंडी काढून दिल्या होत्या. "तिचा स्वतःचा श्वास शनिवारीच संपला," तो मला म्हणाला, "तिनं हाक मारल्यानंतर आणि मी वर जायच्या आत. त्याच चाळीस मिनिटांत तिथी बदलली. अलीकडे गेली की पलीकडे, मला माहीत नाही."

फोन वाजायचे, बाळं जन्मायची. तो उचलायचा नाही. एप्रिलात सरकारनं घड्याळं पुढे केली, त्यानंही केली, कुरकुर न करता.

त्याच आठवड्यात तो कांचनकडे आला. मी तिथेच होतो. नवी पत्रिका पुढे ठेवून म्हणाला, "नऊच. तू म्हणत होतीस तेच बरोबर."

"राहू दे रे आता."

"मग सुलभाची कोणती लिहू?"

कांचन उठून आत गेली. थोड्या वेळानं तिथून म्हणाली, "चहा गाळलाय."

चारू माझ्याशी बोलता बोलता थांबला आणि धावतच आत गेला.