चाळिसातली एक नोंद

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. निवृत्तीच्या समारंभात शाळेच्या आठवणी सांगायला उभा राहिलो, तेव्हाही हिला वळसा घालून गेलो. खोटं मी लेखी केलं होतं, तेव्हा दुरुस्तीही लेखीच हवी.

डोंबिवलीतल्या आमच्या शाळेने नववीला एक ऐच्छिक विषय सुरू केला होता: नेतृत्व, सर्वांना सामावून घेणं आणि चिकित्सक विचार. माझे भाषेचे तास कमी झाले होते, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. पहिल्याच तासाला मी फळ्याच्या कोपऱ्यात दोन प्रश्न लिहिले. हे कुणी ठरवलं? ज्याच्यासाठी ठरवलं, त्याला विचारलं का? वर्षभर हे पुसायचे नाहीत, असं बजावलं. त्या फळ्याचा मला अभिमान होता.

वर्गात एका मुलीला फार कमी ऐकू यायचं. तिला सामावून घ्यायचं म्हणून मी दर आठवड्याला तिच्याशेजारी एक ‘सोबती’ नेमायचो. त्याने तिला धड्यातली ओळ दाखवायची, मधल्या सुट्टीत हात धरून खाली न्यायचं. तिचे पाय धडधाकट होते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिची खरी मैत्रीण होती मागच्या बाकावरची, ठाकुर्लीच्या आगरी घरातली. दोघी एकत्र डबा खायच्या आणि वहीच्या शेवटच्या पानांवर लिहून लिहून बोलायच्या. या मैत्रिणीला मी एकदाही सोबती नेमलं नाही. ती आगाऊ आहे, असं माझं मत होतं.

मग संस्थेचे पाहुणे हा विषय बघायला आले. सोबत्याने त्या मुलीला हात धरून फळ्यापाशी आणायचं आणि वर्गाने टाळ्या वाजवायच्या, असं मी बसवून घेतलं होतं. तसं झालंही. कुणाला काही बोलायचंय का, असं पाहुण्यांनी विचारलं, तेव्हा ती मागच्या बाकावरची उठली.

“सर, हे तुम्ही ठरवलं. पण तिला विचारलं का? तिला नाही आवडत असं हात धरून आणलेलं. तिने मला लिहून दाखवलंय.”

पाहुणे हसले. मुख्याध्यापिका हसल्या नाहीत. शिक्षकांच्या खोलीत एकजण म्हणाले, “काय सर, आपलीच मांजर आपल्यालाच म्यांव?” तेही हसले. मी चहा तसाच ठेवून उठलो.

त्या विषयाला गुण नव्हते, वर्णनात्मक नोंदी होत्या. त्या कशा होतात ते शिक्षकांना ठाऊक आहे. वाक्यांची तयार यादी असते, त्यातली आलटून पालटून उतरवायची. गटात सहकार्य करतो. निर्भयपणे प्रश्न विचारते. चाळीसपैकी एकोणचाळीस मुलांच्या नोंदी मी अशाच उतरवल्या. एकच नोंद स्वतः रचली, अगदी वळणदार अक्षरात: ‘इतरांना सामावून घेत नाही. वर्गमैत्रिणीला उपक्रमापासून परावृत्त करते.’

त्या नोंदीवरून मुख्याध्यापिकांनी दोघींना दहावीत वेगवेगळ्या तुकड्यांत टाकलं. मला विचारलं होतं. मी योग्य म्हणालो.

मागच्या बाकावरच्या त्या मुलीचे वडील शाळेत आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. “मास्तर, पोरगी खोटा बोलली का? तवराच सांगा.” प्रश्न खऱ्याखोट्याचा नाही, वृत्तीचा आहे, असं मी त्यांना समजावलं. ते उभ्या उभ्याच परत गेले.

नव्या तुकडीत त्या कमी ऐकू येणाऱ्या मुलीशी लिहून बोलणारं कुणी नव्हतं. सोबती होता. दिवाळीनंतर तिने शाळा सोडली. पटावरचं तिचं नाव मीच कमी केलं.

गेल्या वर्षी मलाच कमी ऐकू येऊ लागलं. मुलगा मला ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका दवाखान्यात घेऊन गेला. कान तपासणारी ती होती, आगरी घरातली. माझ्या वयाच्या इतर पेशंटना ती काका म्हणत होती. मुलगा माझ्या वतीने बोलू लागला, तर तिने त्याला बाहेर बसायला सांगितलं आणि माझ्यासमोर येऊन हळू, स्पष्ट विचारलं,

“मशीन तुम्हाला हवंय ना, सर? की घरी ठरवलं?”

हवंय, म्हटलं. मला बंद खोलीत बसवून तिने कानाला हेडफोन लावले. आवाज आला की बटण दाबायचं. आत बोललात तर मला बाहेर ऐकू येतं, म्हणाली. काचेपलीकडे ती खाली बघून कागदावर खुणा करत होती. आवाज बारीक होत गेले, मग थांबले. मी तोंड उघडलं आणि विचारलं, “अजून किती वेळ?”

“झालंच, सर.”

विचारायचं ते नव्हतंच. सांगायचं होतं ते इथे लिहितो. ती नोंद खोटी होती, आणि खोटी आहे हे लिहितानाच मला माहीत होतं. वर्गात तिला सामावून घेणारी तू एकटीच होतीस. माझं चुकलं, बाळ.