उसन्या विरहाचे जाणकार

परदेशी सिनेमांतली गाणी आपल्या भाषेत आणून द्यायची, हा त्यांचा धंदा. पडद्यावरच्या बाईचे ओठ जिथे मिटतील तिथे ‘प’ नाहीतर ‘म’ यायलाच हवा. मग चंद्राचा मासा झाला तरी बेहत्तर. डबिंग स्टुडिओत सगळे त्यांना अलंकारमास्तर म्हणत. हसून म्हणत, पण मास्तरांना ती पदवी वाटे.

ज्ञान मात्र अफाट. कुठल्या भाषेतल्या गाण्यात प्रेयसीला यकृत म्हणतात, कुठे कोबीचा गड्डा, सगळं तोंडपाठ. चहा ओतता ओतता सुरू झाले की पाहुणे चपला शोधू लागत. बायको तेवढी ऐकून घेई, कारण तिला जायला जागा नव्हती.

आता ती मिळाली. लांबच्या शहरात मुलगी बाळंत झाली आणि "आई, तू इथेच ये, कायमची," असा तिचा फोन आला. बाईंनी बॅग भरली, पण चेन लावली नाही. संध्याकाळी मास्तर घरी आले तेव्हा त्या बॅगेशेजारी बसून होत्या.

"अहो, लेक कायमचं ये म्हणतेय. तुम्ही नको म्हणालात, तर थोडे दिवस राहून परत येते."

एक ‘नको’ हवा होता बिचारीला. मास्तरांचे डोळे चमकले.

"गंमत बघ हं! डोंगराकडच्या गाण्यांत म्हणतात, तू माझी सावली घेऊन चाललीस. दर्यावर्दी म्हणतात, किनाऱ्याला तहान लागली. आणि वाळवंटातले लोक तर..."

"आणि आपल्यात?"

"आपल्यात विरह म्हटलं की पाखरू आलंच. तुलनेत आपण जरा कमीच पडतो."

बाईंनी चेन लावली. "दूध फ्रिजमध्ये आहे," म्हणाल्या. मास्तरांनी बॅग टॅक्सीपर्यंत नेली आणि जिना उतरता उतरता वाळवंटही पुरं केलं.

मग घर खायला उठलं. भिंतींना कान असतात म्हणे, पण भिंत ‘हं’ म्हणत नाही. यकृत, कोबी, सावली, सगळे असून मास्तरांना जेवण जाईना. अखेर एका दुपारी त्यांनी फोन लावला.

"परत ये गं. तुझ्यावाचून करमत नाही मला."

पलीकडे बाळ कुरकुरलं, मग गप्प झालं.

"छान आहे हो," बाई म्हणाल्या. "कुठल्या भाषेतलं?"

टोमणा असता तर मास्तरांनी हसून झेलला असता. पण ती खरंच विचारत होती.