कागदात गुंडाळलेली सायकल

त्या सायकलचा विषय निघाला की आजही माझं डोकं फिरतं. तेव्हा मी निफाडकडच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. एक द्राक्ष बागायतदार मुलीची सायकल चोरीला गेल्याची फिर्याद घेऊन आला. मुलगी आठवीत, शाळा चार किलोमीटरवर, आणि शाळेच्या वेळेला एसटी नाही. सायकल गेली तशी तिची शाळाच बंद पडली.

आम्ही गुन्हा नोंदवला, पंचनामा केला. हवालदाराने पेट्रोल पंपावरचं फुटेज तपासलं. मी एका भंगारवाल्याला संशयावरून दिवसभर बाकड्यावर बसवून ठेवलं. मुलगी रोज ठाण्यात फोन करायची, "काका, सापडली का? माझी परीक्षा आलीय."

आठव्या दिवशी त्याच बागेत कामाला असलेली पेठ तालुक्यातून आलेली एक मजूर बाई बाजारात हवालदाराला भेटली. "सायकल कुठं गेली नाय," ती म्हणाली, "मालकाच्या शेडमधीच हाय. माझं नाव नका सांगू."

शेडच्या माळ्यावर क्रेटच्या मागे सायकल निघाली. द्राक्षाच्या घडांना उन्हापासून वाचवायला लावतात तो कागद तिला नीट गुंडाळलेला, चेनला तेल दिलेलं. इतक्या मायेने कोणता चोर माल ठेवतो?

बापाला समोर बसवलं. तो म्हणाला, "साहेब, मेन रोडला ट्रॅक्टर-टेम्पोची लाइन असते. मागं एका पिकअपनं पोरीला कट मारला, ती खड्ड्यात पडली. घरी बस म्हणलो असतो तर लय रडली असती. चोरी झाली म्हणलं की राग चोरावर."

"आणि तिची शाळा?"

"बघू म्हणलं पुढं."

मी वैतागलो. खोट्या फिर्यादीबद्दल याच्यावरच कारवाई होऊ शकत होती. भंगारवाल्याची माफी मला मागावी लागली, ते वेगळंच. पण तिच्या पडण्याची भीती खरी होती, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी बाप-लेकीला घेऊन मी तो रस्ता चालून पाहिला. खरंच, मुलांना पाय ठेवायला जागा नव्हती.

मुलगी म्हणाली, "काका, पाटाच्या कडेने वाट आहे. पहिले सगळे तिथूनच जायचे."

आम्ही तिकडे वळलो. झाडांची सावली, एकही गाडी नाही, वाट थेट शाळेच्या मागे निघणारी. दोनशे पावलांवर मात्र तारेचं कुंपण आडवं आलं. आत द्राक्षाच्या दोन ओळी वाटेवरच लावलेल्या.

"हे कोणाचं?" मी विचारलं.

मुलीने बापाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आमचंच आहे."

वस्तीवरची सगळी पोरं त्या दोन ओळींपायी मेन रोडवर आली होती, त्याची स्वतःची पोरसुद्धा. मी आयुष्यात बरेच गुन्हेगार पाहिले, पण एवढी चीड क्वचितच आली. त्याच दुपारी माझ्यासमोर त्याने पक्कड घेऊन तार कापली आणि दोन ओळींमधून सायकलपुरती वाट मोकळी केली.

पुढे शाळांमध्ये भाषणाला बोलावलं की मी मुलांना फार काही सांगत नाही. चालायला, सायकल चालवायला मुलं तयारच असतात. मी पालकांना एवढंच विचारतो, तुमचं कुंपण कुठवर आलंय ते शेवटचं कधी पाहिलंत?