यादीतली पाचवी ओळ

“मावशी, पिशवी उलटी कर.”

सोमवारी सकाळी, तीन गिऱ्हाइकांसमोर, मालक मला म्हणाला. रहाटणीत त्याचं गाड्या पॉलिश करायचं दुकान आहे. गाड्या पुसायचे मायक्रोफायबर टॉवेल मी धुते, वाळवते. चार वर्षं. त्याच्या आईच्या वयाची आहे मी. तो मावशी म्हणतो आणि अगं-तुगं करतो.

एका काळ्या गाडीवर बारीक तंतू चिकटले होते. गाडीवाला चिडला होता. “काय राव, पुसायला दिली का केस लावायला?”

सुती कपड्याबरोबर हे टॉवेल धुतले की असंच होतं. दुकानात हे सगळ्यांना मीच शिकवलं. मशीनवर माझ्या अक्षरातली यादी आहे. एक, चाकांचे टॉवेल वेगळे. दोन, सुती काही टाकायचं नाही. तीन, सुगंधी सॉफ्टनर नाही. चार, सावलीत वाळवायचे.

“घरच्या चिंध्या धुतल्यास ना माझ्या मशीनमध्ये?”

मी पिशवी उलटी केली. तेच अजून डाचतं. डबा, चष्मा, गुडघ्याचा पट्टा, पांढरा रुमाल. रुमाल त्याने दोन बोटांनी उचलला, झटकला.

तेव्हा मी मशीनची जाळी काढली. शनिवारी स्वच्छ करून गेले होते. आत गुलाबी तंतूंचा बोळा. सॉफ्टनरचा वास.

“काल दुकान बंद होतं. किल्ली तुमच्या घरी होती,” मी म्हटलं.

त्याने बोळा पाहिला. हसला. “हां, बायकोने काल घरचे टॉवेल यांच्यातच टाकून धुतले. आमचं मशीन बिघडलंय.” मग गाडीवाल्याकडे वळून, “हिच्याकडे असला टॉवेल कुठून असणार!”

तिघेही हसले. मी चोर नाही, कारण माझ्याकडे काही नाही. एवढाच माझा पुरावा.

“चल, परत धू पटकन.”

मी मशीनचा प्लग काढला. पेन घेऊन यादीत पाचवी ओळ लिहिली. मावशीच्या पिशवीला हात लावायचा नाही.

“ही मोठ्याने वाचा. या तिघांसमोर. चूक कुणाची तेही सांगा. मग धुते.”

“मावशी, डोकं फिरलंय का?”

मी स्टुलावर बसले.

आज बुधवार. मी नऊला येते, स्टुलावर बसते. टॉवेलांचा ढीग वाढतोय. त्याने ओळ वाचलेली नाही. दुसरी बाई आणतो म्हणाला. आणू दे. टॉवेल कसे धुवायचे ते मी तिला शिकवीन. पण सुरुवात पाचव्या ओळीपासून करीन.