शेवटच्या फेरीतला पोचा

काशीराम परबांनी काढलेला पोचा नेमका कुठे होता, हे बोट फिरवून सांगणारा माणूस अजून जन्मायचाय. असं खुद्द काशीरामच सांगतात, तेही दिवसातून दोनदा. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत चाळीस वर्षं गाड्यांचा पत्रा ठोकल्यावर एवढी मिजास चालायचीच. मुलगा सौरभ इंजिनं उघडतो, पण बापाच्या हातोडीला हात लावायची त्याची टाप नाही.

तर पवईच्या अनंत मोहिल्यांनी त्यांच्याकडे एक जुनी अमेरिकन गाडी आणली. तिकडे म्हणे हिला छोटी म्हणतात! इथे ती गल्लीत शिरताना दोन रिक्षांना मागे सरकावं लागलं. मोहिल्यांचे थोरले भाऊ माणिक अमेरिकेत शिकले, तिकडेच राहिले, आणि १९७० साली ही घेऊन एका शर्यतीत उतरले. मोठ्या गाड्यांची शर्यत रविवारी, या छोट्या चपळ गाड्यांची आदल्या दिवशी. दिसायला शोरूममधल्यासारख्याच गाड्या, दारावर मोठा नंबर. माणिक चौदावे आले. गेल्या वर्षी ते वारले आणि गाडी बोटीने धाकट्याकडे आली.

"गंज काढा, नंबर पुन्हा रंगवा," मोहिले म्हणाले. "दारावरचा पोचा मात्र राहू दे."

आता परबांच्या घरची रीत अशी, की पाहुणा 'पुरे' म्हणाला की भाताचा आणखी एक डाव वाढायचा. लोक संकोचाने म्हणतात, खरं धरायचं नसतं. काशीरामांनी दोन दिवस खपून दार आरशासारखं केलं.

तिसऱ्या दिवशी नंबर कसा हवा ते दाखवायला मोहिल्यांनी जुना फोटो पाठवला. शर्यत संपलेली, घामाघूम तरुण माणिक हसतायत, आणि तळवा नेमका त्या पोच्यावर. खाली मोहिल्यांनी लिहिलेलं, "शेवटपर्यंत रोज तिथे हात फिरवायचा."

काशीराम स्टुलावर बसले ते बसलेच.

"बाबा, वाट लागली ना," सौरभ म्हणाला. "फोटो आहे, परत मारा तसाच. तुमच्या हाताला काय अवघड? त्यांना कळणार पण नाही."

हातोडी उचलली होती त्यांनी. दारावर टेकवलीही होती.

"न्हय रे मेल्या," ते म्हणाले. "तो माझो पोचो होतलो. त्या माणसाचो न्हय."

मोहिले आले ते थेट दाराकडे गेले. हात पत्र्यावरून फिरला, थांबला, परत फिरला.

"मीच काढला, साहेब," काशीराम म्हणाले. "तुम्ही नको म्हणालात, तरी काढला."

मोहिल्यांनी तळवा तिथेच टेकवला. मग म्हणाले, "शेवटच्या फेरीत मागच्याने ढकललं आणि माणिक घाबरून थांबला. तेवढ्यात बाकीचे पुढे. स्वतःच सांगायचा, मी भित्रा, म्हणून चौदावा."

"थांबले नव्हते ते."

"काय?"

"तिथे दोन मार होते. मागच्याचा हलका. दुसरा ट्रॅकच्या कडेच्या भिंतीचा, त्याचा ओरखडा लांब, आणि टोकाला आणखी खोल. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला असता तर टोकाकडे उथळ होत गेला असता. भिंतीला घासत गाडी दामटली त्यांनी." काशीरामांनी खडूने गुळगुळीत दारावर रेघ ओढली. "इथून इथपर्यंत. माझ्या बोटांना अजून लागतंय."

मोहिल्यांनी चष्मा काढला.

"रागावलोय मी तुमच्यावर, परब. राग जायचा नाही."

"जाऊ नये."

मोहिल्यांनी सौरभचं स्टूल ओढलं आणि दारासमोर बसले.

"पहिल्यापासून सांगा," ते म्हणाले. "मागच्याने ढकललं तिथून."