पोळ्याच्या दिवशीची घंटा

देव ऐकतो की नाही, हा प्रश्न मला लहानपणापासून छळत आला आहे. बाबा मिशनचे प्रचारक होते. दारव्हा तालुक्यातल्या बाजारांतून ते सुवार्तेची पत्रकं वाटत फिरत, आणि घरी उरलेल्या गठ्ठ्यांवर मी वाचायला शिकले. पुढे दुसरीही पत्रकं हाती आली, मजुरांची, हक्कांची, आणि तीही मी तितक्याच भक्तीनं वाचली. दोन्हीकडं न्यायाचं राज्य येणार असं छापलेलं असे. आमच्या लहानशा गावात मात्र ते कुठल्याच बाजूनं येताना दिसत नव्हतं. ज्या रविवारी मार्थामावशीचं प्रेत घरात होतं आणि उचलायला माणसं नव्हती, त्या रविवारी माझा तो प्रश्न प्रश्न राहिला नाही, त्याचा राग झाला. त्या दिवशी जे घडलं ते घडलं तसं सांगते. त्याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

मार्थामावशी आमच्या नात्याची नव्हती. आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर होतं. नवरा मिशनच्या शाळेचा चौकीदार होता, तो मी जन्मायच्या आधी कॉलऱ्यात गेला. एक मुलगी झाली होती, ती बोलायला लागायच्या आत गेली. त्यानंतरचं सगळं आयुष्य मावशीनं एका चुलीपुढं आणि एका देवळात काढलं. देऊळ म्हणजे आमचं गिरजाघर. मिशनची माणसं निघून गेली, शाळा बंद पडली, मंडळीतली तरणी मुलं राजूरच्या कोळशाच्या खाणीत नाहीतर नागपूरच्या गिरण्यांत गेली. पाद्रीसाहेब यवतमाळहून महिन्याकाठी एखादा रविवार यायचे. एरवीच्या रविवारी बाबा बाजारात प्रचाराला असत, मंडळीतल्या म्हाताऱ्या याकोबदादांना डोळ्यांनी धड दिसत नसे, आणि मावशी एकटीच देवळाचं दार उघडायची. स्वतः घंटा वाजवायची, बायकांच्या बाजूला आपल्या जागी चटईवर बसायची, गीत म्हणायची. समोर कोणी नसे. मी एकदा विचारलं, "मावशी, कोणाले ऐकवतं गं?" ती म्हणाली, "ज्याले ऐकवाचं त्याले. तू कायले हैरान होतं?"

तिची आणखी एक रीत होती. पूर्वी आमच्या मंडळीतल्या प्रत्येक घरी स्वयंपाकाला घेतलेल्या धान्यातून एक मूठ बाजूला काढून मडक्यात टाकत. तिला देवाची मूठ म्हणत. मंडळीची बाई येऊन ते धान्य गोळा करून नेई. बाई यायची बंद झाली, घरोघरची मडकी लोणच्याला लागली, पण मावशीची मूठ थांबली नाही. ती एकटी जेवणारी, तिच्या पसाभर ज्वारीतून मूठ काढली की ताटात किती उरत असेल ते मला दिसत होतं. मडक्यात साठलेली ज्वारी ती शनिवारी दळायची आणि रविवारी पहाटे तिच्या भाकरी करून फडक्यात बांधून देवळात न्यायची.

आमच्या गावचा बाजार रविवारी. तांड्यावरच्या बंजारा बाया पहाटेच डोक्यावर सरपणाच्या मोळ्या घेऊन निघत आणि गावात शिरायच्या आधी देवळाच्या लिंबाखाली टेकत. उपासना आटोपली की मावशी पायरीवर बसून त्यांना भाकर आणि चटणी वाटायची. ते मला आवडत नसे. मी म्हणायची, त्यांना भीक नको, मोळीला भाव पाहिजे. मावशी भाकर मोडता मोडता म्हणाली, "तू भाव वाढवून आन बाई. तोवर खाऊ दे त्यायले." बाया खदाखदा हसल्या. त्यांच्यातली सोनीबाई तर माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "हे पोरगी लय गरम हाय. हिच्यावरच भाकर शेकाव."

श्रावण सरता सरता मावशीला ताप भरला आणि तो उतरलाच नाही. मी तिच्याजवळ बसून असे. तिनं कधी काही मागितलं नव्हतं, पण आता एकच गोष्ट ती पुन्हा पुन्हा सांगू लागली. तिच्या नवऱ्याला कॉलऱ्याच्या भीतीनं कोणी खांदा दिला नव्हता. बैलगाडीत टाकून नेलं, मागं कोणी चाललं नाही, गीत झालं नाही. गाडीची चाकं खडखडत गेली तो आवाज तिच्या कानातून गेला नव्हता. "मले गाडीत नको नेऊ पोरी," ती म्हणाली. "मानसाच्या खांद्यावर ने. अन् मांगं गानं पाहिजे. एवढं कर." मी हो म्हटलं. हो म्हणताना कोणाच्या खांद्यावर याचा विचार मी केला नव्हता. शनिवारी दिवस मावळताना ती गेली, अगदी हळू, जशी घरात वावरायची तशी.

दुसरा दिवस पोळ्याचा. पाद्रीसाहेब उमरखेडकडं दौऱ्यावर गेलेले, निरोप पोचला नाही. सकाळी मी गावभर फिरले. कोणी वाईट बोललं नाही, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. ज्यांना विचारलं ते हळहळले. पण पोळ्याला आमच्याकडं जमिनीला लोखंड लावत नाहीत. "बाई, आज मातीले कुदळ मारता येत नाही. उद्या खांदून देतो," असंच सगळे म्हणाले. बैल धुऊन रंगवून झुली घालून उभे, त्यांना कोण जुंपणार? मावशीला नको असलेली गाडीसुद्धा त्या दिवशी मिळाली नसती. दमट उकाड्यात प्रेत उद्यापर्यंत ठेवण्यासारखं नव्हतं. मंडळीतले म्हणून गावात उरलेले बाबा, याकोबदादा आणि मी. बाबांच्या गुडघ्याला सूज, याकोबदादांना हात धरून चालवावं लागे. दारावरून ढोल वाजत बैल जात होते आणि आत तिच्या उशाशी आम्ही तिघं बसलो होतो. इतकं एकटेपण मी पुन्हा अनुभवलं नाही. जन्मभर जिनं मूठ काढून दिली तिच्यासाठी चार खांदे नाहीत, आणि ज्याला ती दर रविवारी ऐकवत होती तो गप्प.

बाबा म्हणाले, "जा, घंटा तरी दे. सावकाश दे. एक ठोका, मंग थांबायचं." मरणाची घंटा अशीच द्यायची असते, मला माहीत होतं. पण देवळात जाऊन दोर हातात धरला आणि माझा ताबा सुटला. मावशी उपासनेला वाजवायची तशी, त्याहून जोरात, न थांबता मी घंटा बडवली. ती हाक होती की भांडण, मला सांगता येणार नाही. हात सोलून निघाले तेव्हा दोर सोडला आणि पायरीवर येऊन बसले.

थोड्या वेळानं लिंबाखाली मोळ्या टेकल्याचा आवाज झाला. सणाला घरोघरी चुली जास्त पेटतात म्हणून तांड्यावरच्या बाया त्या दिवशीही सरपण विकायला आल्या होत्या. देवळाचं दार बंद बघून त्या पुढं निघून गेल्या होत्या, आणि नेहमीची घंटा ऐकून मागं वळल्या होत्या. सोनीबाई घाम पुसत म्हणाली, "आज याडीनं उशीर केला लेकी? काहून, झोपली व्हती का?" याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

मी सांगितलं. सांगताना रडले नाही, पण कुदळ नाही, खांदा नाही, गाडी नाही, सगळं एका दमात बोलून गेले. सोनीबाईनं घागरा वर खोचला.

"कुदळ कुठी हाय?"

"आज पोळा आहे," मी म्हटलं. "बैलांचा दिवस."

"आमच्या घरी बैल नाही माय. आमीच बैल," ती म्हणाली. "चल, दाखव जागा."

रस्त्याच्या कामावर दगड फोडणाऱ्या बाया त्या. देवळामागच्या खोलीतली मंडळीची जुनी कुदळ-फावडी घेऊन त्यांनी नाल्यापलीकडच्या आमच्या दफनभूमीत, मावशीचा नवरा आणि ती तान्ही मुलगी यांच्या शेजारी, काळ्या चिकट मातीत खड्डा केला. मग घरी येऊन मावशीची बाज उचलायला वाकल्या, तेव्हा याकोबदादा कुरकुरले, "बाया खांदा देते का कुठी?" सोनीबाई म्हणाली, "दादा, मोळी आमच्या डोक्यावर चालते, मंग याडी काहून नाही चालत?" बाबांनी तिच्याकडं पाहिलं, टोपी काढली आणि दारातून बाजूला झाले. बाजेच्या एका पायाला मी खांदा दिला. बाकीच्या तीन पायांना त्या पाळीपाळीनं लागत होत्या.

वाटेत बाबांनी गीत धरलं. त्यांचा आवाज पहिल्याच कडव्यात फुटला आणि बंद झाला. मला वाटलं, झालं, पुन्हा नुसती पावलं. आणि तेवढ्यात माझ्या मागून कोणीतरी तीच चाल उचलली. शब्द अर्धे नव्हते, अर्धे चुकलेले होते, पण चाल मावशीची होती. ती जिथं दम घ्यायला थांबायची तिथंच थांबणारी, जिथं तिचा आवाज चिरकायचा तिथंच वर चढणारी. एकेक करत सगळ्या म्हणू लागल्या. रिकाम्या देवळात ती एकटी गात होती असं आम्ही समजत होतो, तेव्हा या बाया भिंतीबाहेर लिंबाखाली बसून ऐकत होत्या. नाल्यापर्यंत, नाल्यापलीकडं, माती लोटून होईपर्यंत ते गीत थांबलं नाही.

परत आल्यावर मी मावशीच्या घरात गेले. मडक्यात देवाची मूठ साठलेली होती. जात्यावर बसले. सोनीबाईनं आपली न विकलेली मोळी सोडून चुलीत लाकडं घातली. माझी पहिली भाकर तव्यावर मोडली. ती म्हणाली, "भाव वाढवनाऱ्या बाईले भाकर नाही येत," आणि मग आम्ही दोघी रडलो.

मी सरळ रीतीनं घंटा दिली असती तर त्या बाया बाजारात निघून गेल्या असत्या. यावर मी पुष्कळ विचार केला आहे आणि आता करायचं सोडलं आहे. चुकीची हाक योग्य ठिकाणी पोचवणारा कोणी आहे, एवढं मानून मी त्याच्या हाती स्वतःला दिलं. मोळीच्या भावासाठी मी आजही भांडते, जोरात भांडते. पण रविवारी सकाळी आधी देवळाचं दार उघडते, घंटा देते, आणि बायकांच्या बाजूला मावशीच्या चटईवर बसून गीत म्हणते. समोर कोणी नसतं. गाताना मी खिडकी उघडी ठेवते.