मारेकच्या पेढ्यांचं वजन

दोन हजार तेवीस साल, भादवा सरत आला होता. जालन्यातल्या आमच्या लोखंडाच्या कारखान्यात नवं मशीन बसवायला पोलंडचा इंजिनिअर आला. नाव मारेक. तो आल्यापासून किस्से भंगारासारखे साचले. भंगार निदान भट्टीत तरी जातं!

मी भट्टीवर मिस्त्री. शाळा चौथी. मारेकचं इंग्रजी मोडकं, आमच्या नामदेव फिटरचंही मोडकं. त्यामुळे दोघांचं बराबर जमायचं. माझं बोलणंही नामदेवच त्याला पोचवायचा.

*

पहिल्या दिवशी मारेकनं गेटवर सगळ्यांशी हात मिळवला. साठ माणसं! काम वीस मिनिटं उशिरा सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सगळे आपणहून रांगेत. ज्याचा झाला तो पुन्हा मागं जाऊन उभा. "साहेब, माझा राह्यला!"

मी मारेकला म्हणालो, "सोमवारी एकदाच मिळव. हप्ताभर पुरतो."

*

लोखंड किती तापलं, ते मारेक पिस्तुलासारख्या यंत्रानं बघायचा. मी डोळ्यानं.

"अकराशे पन्नास," मी म्हणालो. यंत्र म्हणालं, अकराशे चाळीस. मारेक हसला.

"तुझं यंत्र दहा कमी दाखवतं. तपास."

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या म्हणाला, "सॉरी, काका."

*

नामदेव पिंपळगाव रेणुकाईचा. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी. मारेक ओरडला, "शूज!"

"देवीचा नेम हाय, साहेब."

दोघंही हटेनात. मी निकाल दिला : गेटबाहेर देवीचं राज्य, आत मारेकचं. नामदेवनं बूट चढवले. मग मारेकलाच घाम! "काका, देवी रागावणार नाही ना?"

*

तिकडं पोलंडात मारेकच्या बायकोचे दिवस भरत आले होते. मशीन चालल्याशिवाय त्याला सुट्टी नव्हती. चाचणी त्यानं नेमकी दसऱ्याला ठेवली. सकाळी येऊन बघतो तर पाने-पकडी, हातोडे, सगळं हळदकुंकू लावून पाटावर! त्याच्या लॅपटॉपला झेंडूचा हार!

"आज हत्याराला हात लावायचा न्हाई," नामदेव म्हणाला.

मारेक मटकन खाली बसला. "माझं बाळ!"

"मंग देवीला नवस बोला. बाळाच्या वजनाएवढे पेढे."

मारेकनं डोळे मिटले, बोलला.

दुसऱ्या दिवशी मशीन पहिल्या दमात चाललं. तो वेळेत घरी पोचला. मुलगी झाली.

दोन महिन्यांनी परत आला, सव्वातीन किलो पेढे घेऊन. नामदेव अडून बसला. "हे जन्माचं वजन. नवस आज फेडून राह्यले ना? मंग आजचं वजन!"

साठच्या साठ माणसं नामदेवच्या बाजूनं! मारेक माझ्याकडं बघायला लागला.

मी म्हणालो, "व्हिडिओ फोन लाव."

तिकडं बायकोनं मुलीला काट्यावर ठेवलं. पोरगी पाय झाडायची, आकडा नाचायचा. इकडं साठ माणसं फोनवर ओरडायची, "हलू नको गं बाई!"

आकडा थांबला. पाच किलो दोनशे.

मारेक बाजारात पळाला, कमी पडलेले पेढे घेऊन आला. नामदेवनं स्वतः तोलले. मारेकला गाडीवर मागं बसवून पिंपळगावच्या देवीपुढं ठेवून आणले आणि साठ जणांत वाटले.

नवस फिटला.